ऑपरेटिंग सिस्टिम बदलली आणि जुने फुटेज लाल पडले: एका माहितीपटाच्या संकलनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका लहान संकलन गटाचे आहे. संबंधितांची ओळख पटेल असे सर्व तपशील येथे वगळले आहेत, तांत्रिक घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. प्रमुख संकलक, एक सहायक आणि ध्वनीचे काम पाहणारी एक व्यक्ती असा हा गट एका मोठ्या माहितीपटावर काम करत होता. पहिला कच्चा कट दाखवून झाला होता आणि दिग्दर्शिकेच्या सूचनांनुसार दुसऱ्या कटचे काम सुरू होते. काम मॅकवर, फायनल कट प्रो एक्स या सॉफ्टवेअरमध्ये चालले होते आणि मुख्य संगणकावर मॅकओएस १०.१४, म्हणजे मोहावी, होती.

माहितीपटाचा निम्म्याहून अधिक भाग संग्रहातील चित्रीकरणावर उभा होता. त्यात अनेक वर्षांपूर्वी संगणकावर उतरवून ठेवलेल्या मुलाखती होत्या, ज्यांपैकी बऱ्याच सोरेन्सन व्हिडिओ या जुन्या कोडेकमध्ये (चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीत) होत्या. शिवाय छोट्या अॅक्शन कॅमेऱ्याने घेतलेली आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे सिनेफॉर्म या दुसऱ्या कोडेकमध्ये रूपांतरित करून ठेवलेली प्रवासाची दृश्ये होती. या सगळ्या फायलींचे एक्स्टेन्शन एकच, म्हणजे अॅपलच्या क्विकटाइम या व्हिडिओ प्रणालीचे, असल्यामुळे फाइंडरमध्ये (मॅकवरच्या फायलींच्या खिडकीत) पाहताना त्यांच्यात काही फरक आहे असे कोणालाही वाटले नसते.

मॅकओएस १०.१५, म्हणजे कॅटॅलिना, ७ ऑक्टोबर २०१९ रोजी आली. तिच्यात ३२ बिटचे, म्हणजे ६४ बिटच्या आधीच्या जुन्या पद्धतीने बनवलेले, कोणतेही सॉफ्टवेअर चालणार नाही हे अॅपलने आधीच्या वर्षीच, मोहावीची घोषणा करताना, सांगून ठेवले होते. गटातील सर्वांना ही गोष्ट ऐकून माहीत होती. तरीही फायनल कट प्रो एक्स हे २०११ साली आले तेव्हापासूनच ६४ बिटचे आहे, त्यामुळे या बदलाचा आपल्याशी संबंध नाही, असा त्यांचा समज होता. हा समज वरवर पाहता बिनचूक आहे, आणि या प्रकरणाचे मूळ नेमके त्यातच आहे.

अडचण

कॅटॅलिना येऊन काही महिने झाल्यावर, दोन टप्प्यांमधल्या मोकळ्या वेळेत, संगणकाने दाखवलेली सूचना स्वीकारून अपग्रेड करण्यात आले. त्याच वेळी फायनल कटचीही नवी आवृत्ती उतरवली गेली. लायब्ररी, म्हणजे फायनल कटमध्ये प्रकल्पाचे सगळे काम जिच्यात साठते ती फाइल, पहिल्यांदा उघडताना ती नव्या आवृत्तीसाठी अद्ययावत करावी लागेल आणि त्यानंतर जुन्या आवृत्तीत उघडणार नाही, असा इशारा आला, तो मान्य केला गेला आणि काम सुरू झाले. नव्या आवृत्तीचा वेग चांगला असल्यामुळे पहिले काही तास सगळे समाधानी होते. संग्रहातील दृश्यांचे प्रकरण टाइमलाइनवर उघडले तेव्हा मात्र ओळीने क्लिप लाल दिसू लागल्या.

याशिवाय आणखी तीन गोष्टी बिघडल्या होत्या. शीर्षकांसाठी वापरलेला एक प्लगइन (पूरक सॉफ्टवेअर) परवाना सापडत नसल्याचे सांगून प्रत्येक शीर्षकावर पाणचिन्ह उमटवत होता. रंग पाहण्यासाठी जोडलेल्या बाह्य मॉनिटरवर चित्र जात नव्हते. आणि एका एक्स्टर्नल ड्राइव्हवरच्या, अगदी साध्या प्रोरेस या अॅपलच्या संकलनासाठीच्या कोडेकमधल्या, नव्या मुलाखतीसुद्धा सापडत नव्हत्या. हे सारे एकाच वेळी समोर आल्यामुळे संकलकांची पहिली प्रतिक्रिया स्वाभाविक होती: “आधी होते तसे सगळे करून द्या.”

पहिला निर्णय: थांबून वर्गवारी करणे

या टप्प्यावर ताबडतोब मोहावीवर परत जाण्याची घाई झाली नाही, हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आणि माझ्या मते सर्वांत योग्य निर्णय होता. सहायकाने एक साधा तक्ता केला. त्यात न दिसणाऱ्या प्रत्येक क्लिपपुढे ती कोणत्या ड्राइव्हवर आहे, कोणत्या कोडेकमध्ये आहे आणि फायनल कट तिच्याविषयी नेमके कोणते शब्द वापरत आहे हे लिहिले. फाइल हरवली आहे असे सांगणारी लाल क्लिप आणि फाइल जागेवर आहे पण तिचे स्वरूप चालत नाही असे सांगणारी लाल क्लिप दुरून सारखीच दिसते. मजकूर वाचला तरच दोन्ही वेगळ्या ओळखता येतात. अर्धा दिवस गेला, पण चार अडचणींची चार वेगळी कारणे हाती आली.

नव्या मुलाखती सापडत नव्हत्या कारण कॅटॅलिनामध्ये प्रत्येक सॉफ्टवेअरला बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हवरच्या, तसेच डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या फायली वाचण्यासाठी वापरकर्त्याची परवानगी लागते. तशी विचारणा करणारी चौकट आली होती आणि कोणीतरी घाईत ती नाकारली होती. सिस्टिम प्रेफरन्सेसमधील सिक्युरिटी अँड प्रायव्हसी या विभागात जाऊन फायनल कटच्या नावाखालची खूण लावताच त्या सगळ्या क्लिप परत आल्या. त्यांचा ३२ बिटशी काडीमात्र संबंध नव्हता.

मॉनिटरची गोष्ट जवळपास तशीच होती. चित्र बाहेर पाठवणाऱ्या उपकरणाचा जुना ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) नव्या सिस्टिमने रोखला होता. निर्मात्याचा नवा ड्रायव्हर घालून त्याच विभागातले परवानगीचे बटण दाबणे एवढेच करायचे होते. मात्र हे बटण ड्रायव्हर रोखल्याची सूचना आल्यानंतर सुमारे ३० मिनिटेच दिसते आणि नंतर नाहीसे होते, हे माहीत नसेल तर माणूस ते बटण शोधतच राहतो.

प्लगइनचे कारण अधिक सूक्ष्म होते. प्लगइन ६४ बिटचाच होता, पण त्याचा परवाना तपासणारे छोटे साहाय्यक अॅप ३२ बिटचे होते. अॅप्लिकेशन्स फोल्डरमध्ये त्याच्या चिन्हावर आडवी रेघ असलेले निषेधाचे वर्तुळ उमटले होते. मोहावीवर हेच अॅप उघडताना ते अद्ययावत करण्याची गरज असल्याची सूचना अधूनमधून येत असे, आणि प्रत्येक वेळी ती बंद करून काम पुढे नेले जाई.

उरले ते जुने फुटेज. फायनल कट स्वतः ६४ बिटचे असले तरी सोरेन्सन किंवा सिनेफॉर्मसारख्या जुन्या कोडेकमधली फाइल आली की ती वाचण्यासाठी ते पडद्याआड क्विकटाइम ७ च्या काळातल्या ३२ बिट घटकांची मदत घेत असे. संकलकाला त्याचा पत्ताही लागत नसे, कारण क्लिप टाइमलाइनवर बाकीच्या क्लिपसारखीच चालत असे. कॅटॅलिनाने ते घटक चालवणेच बंद केल्यावर मुख्य सॉफ्टवेअर शाबूत राहिले आणि त्याचे जुने वाचक तेवढे गेले. सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमवर चालते का, एवढाच प्रश्न विचारला तर उत्तर होकारार्थीच मिळते, पण ते पुरेसे नसते. आपल्या प्रकल्पातली प्रत्येक फाइल कशाच्या आधाराने वाचली जाते हा प्रश्न वेगळा आहे, आणि अपग्रेडआधी तो कोणी विचारला नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय संपूर्ण संगणक मोहावीवर परत नेण्याचा होता. मॅकवर मागच्या सिस्टिमवर जायचे तर डिस्क पुसून जुनी सिस्टिम घालावी लागते आणि टाइम मशीन या मॅकच्या बॅकअप सोयीतून सामान परत आणावे लागते. अपग्रेडआधीचा बॅकअप उपलब्ध होता. परंतु त्यानंतर झालेले संकलन नव्या आवृत्तीच्या लायब्ररीत होते, आणि परवानगी व ड्रायव्हर या ज्या दोन अडचणी सुटल्याच होत्या त्यांच्यासाठीही ही सगळी उलथापालथ सोसावी लागली असती. शिवाय जुने फुटेज आज ना उद्या रूपांतरित करावेच लागणार होते. हा पर्याय अडचण सोडवत नव्हता, पुढे ढकलत होता.

दुसरा पर्याय कॅटॅलिनावरच राहून एफएफएमपेग या मुक्त साधनाने सगळे जुने फुटेज प्रोरेसमध्ये बदलण्याचा होता. एफएफएमपेगमध्ये सोरेन्सन आणि सिनेफॉर्म या दोन्हींचे स्वतःचे वाचक आहेत, त्यामुळे ते अॅपलच्या घटकांवर अवलंबून नाही. सहायकाला हे साधन वापरता येत होते आणि सुरुवातीला सगळ्यांचा कल याच बाजूला होता. अडचण एवढीच होती की रूपांतरित फाइल मूळ क्लिपच्या जागी जोडताना फायनल कट काही गोष्टी काटेकोरपणे पाहते: फ्रेम रेट तोच हवा, ध्वनीचे चॅनेल जुळायला हवेत, आणि लांबी टाइमलाइनवर वापरलेल्या भागाला पुरेल इतकी हवी. शेकडो फायलींच्या बाबतीत टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा वेळ-क्रमांक), रंगाची पातळी आणि इंटरलेस फुटेजमधला, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डमध्ये साठवलेल्या फुटेजमधला, फील्डचा क्रम हे सगळे हाताने तपासण्याचे काम मोठे होते.

तिसरा पर्याय एका एक्स्टर्नल एसएसडीवर मोहावी घालून संगणक फक्त रूपांतरापुरता तिच्यावरून सुरू करण्याचा होता. मोहावीवरच्या फायनल कटमध्ये पुढे न चालणाऱ्या फायली शोधून त्यांच्या प्रोरेस प्रती करण्याची आणि त्या आपोआप मूळ क्लिपच्या जागी जोडण्याची सोय आहे. ही सोय जुने वाचक जिवंत असतानाच उपयोगी पडते. कॅटॅलिनावर गेल्यावर त्या फायली वाचताच येत नाहीत, मग रूपांतर कशाचे करणार? या पर्यायावर पहिला आक्षेप असा होता की लायब्ररी आता नव्या आवृत्तीची झाली आहे, ती मोहावीवर उघडणार कशी? नव्या आवृत्तीला किमान कोणती सिस्टिम लागते हे पाहिल्यावर तो आक्षेप गळून पडला, कारण ती आवृत्ती मोहावी १०.१४.६ वरही चालत होती. ज्याला सगळे परतीचा बंद दरवाजा समजत होते तो प्रत्यक्षात उघडाच होता.

संकलन दा विंची रिझॉल्व्हसारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याची सूचनाही एकदा आली. एक्सएमएल या देवाणघेवाणीच्या फाइलमार्गे कटचा सांगाडा पोहोचतो, पण शीर्षके, इफेक्ट आणि ध्वनीची मांडणी जशीच्या तशी पोहोचत नाही. दुसऱ्या कटच्या मध्यावर हे परवडण्यासारखे नव्हते आणि त्यावर फार चर्चा झाली नाही.

कार्यवाही

तिसरा पर्याय मुख्य आणि दुसरा पूरक, असे ठरले. हे शक्य झाले कारण संगणक मोहावीच्या आधीच्या काळातला होता. मॅक ज्या सिस्टिमसह बाजारात आला तिच्यापेक्षा जुनी सिस्टिम त्यावर चालत नाही. टी२ ही सुरक्षा चिप असलेला मॅक असता तर बाहेरच्या डिस्कवरून सुरू होण्याची परवानगी रिकव्हरी या दुरुस्तीच्या मोडमध्ये जाऊन आधी द्यावी लागली असती.

पुढचा निर्णय संकलकांना सर्वांत जड गेला. रूपांतर पूर्ण होईपर्यंत मूळ लायब्ररीत कोणताही बदल करायचा नाही, असे ठरवावे लागले. एकीकडे प्रतीत रूपांतर आणि दुसरीकडे मूळ लायब्ररीत संकलन, असे चालू राहिले असते तर शेवटी दोन वेगवेगळे कट हाती आले असते. लायब्ररीची प्रत एका रिकाम्या ड्राइव्हवर केली, मूळ लायब्ररी बंद ठेवली, आणि त्या काळात संकलकांनी दिग्दर्शिकेबरोबर मुलाखतींच्या लेखी उताऱ्यांवर काम केले. फायनल कट मूव्हीज फोल्डरमध्ये लायब्ररीचे जे आपोआप बॅकअप ठेवते तेही बाजूला काढून ठेवले. मात्र त्यांत फक्त संकलनाची नोंद असते, चित्रीकरणाच्या फायली नसतात, याची आठवण सर्वांना द्यावी लागली.

किती रूपांतर करायचे हाही प्रश्न होता. १९२० बाय १०८० आकाराच्या आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रासाठी प्रोरेस ४२२ ला तासाला सुमारे ५५ जीबी जागा लागते, आणि प्रोरेस ४२२ एचक्यूला सुमारे ८३ जीबी. संग्रहातले सगळेच फुटेज एचक्यूमध्ये करावे असा आग्रह सुरुवातीला होता. मूळ फुटेज आधीच जोरदार दाबलेले असताना एचक्यूने त्यात नसलेला तपशील येणार नव्हता, म्हणून साधे ४२२ घेतले. टाइमलाइनवर असलेल्या क्लिपपुरते मर्यादित न राहता त्या क्लिप ज्या इव्हेंटमधून आल्या ते पूर्ण इव्हेंट (लायब्ररीतले क्लिपचे गट) रूपांतरित केले, कारण दुसऱ्या कटमध्ये मुलाखती लांबवल्या जाणार हे दिसतच होते.

ऑप्शन कळ दाबून संगणक बाहेरच्या एसएसडीवरून सुरू केला, लायब्ररीची प्रत उघडली आणि सोरेन्सनमधल्या मुलाखती लगेच दिसू लागल्या. सिनेफॉर्मची दृश्ये मात्र मोहावीवरही लालच राहिली. याचे कारण थोड्या शोधानंतर कळले. सोरेन्सनचा वाचक सिस्टिमबरोबर येतो, तर सिनेफॉर्मचा वाचक कॅमेऱ्याबरोबरच्या सॉफ्टवेअरने पूर्वी कधीतरी सिस्टिमच्या ‘लायब्ररी’ नावाच्या फोल्डरखालच्या (फायनल कटच्या लायब्ररीशी त्याचा संबंध नाही) क्विकटाइम या फोल्डरमध्ये ठेवलेला होता. नव्याने घातलेल्या मोहावीत तो असणे शक्यच नव्हते. अपग्रेडआधीच्या टाइम मशीन बॅकअपमधून तो घटक काढून नव्या मोहावीच्या त्याच जागी ठेवल्यावर तीही दृश्ये उघडली. हा बॅकअप संपूर्ण सिस्टिमचा होता म्हणून ते साधले. फक्त प्रकल्पाच्या फोल्डरचा बॅकअप असता तर तो घटक हाती लागला नसता.

काही थोड्या फायलींचे रूपांतर मध्येच थांबत होते. त्या एफएफएमपेगने बदलल्या आणि हाताने जोडल्या.

पडताळणी

रूपांतर झाले म्हणजे काम झाले, असे गटाने मानले नाही. अपग्रेडच्या आधी दिग्दर्शिकेला पाहण्यासाठी काढलेली कच्च्या कटची एक संपूर्ण चित्रफीत होती. ती त्याच कटच्या जपून ठेवलेल्या टाइमलाइनवर सर्वांत वरच्या थरात ठेवली आणि तिचा ब्लेंड मोड (थर एकमेकांत मिसळण्याची पद्धत) ‘डिफरन्स’ केला. दोन्ही चित्रे तंतोतंत सारखी असतील तिथे पडदा काळा राहतो. पाहण्याची प्रत दाबलेली असल्यामुळे कडांवर पुसट रेषा येतात, तेवढ्या सोडून द्यायच्या. जिथे माणसाची आकृतीच उमटते तिथे फ्रेम सरकली आहे किंवा रंगाची पातळी बदलली आहे हे लगेच कळते. हजारो कट डोळ्यांनी तपासण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी भरवशाची आहे.

या तपासणीत एफएफएमपेगने बदललेल्या एका मुलाखतीत हात हलले की कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसल्या. फील्डचा क्रम उलटा वाचला जात होता. फायनल कटमध्ये त्या क्लिपच्या सेटिंग्जमध्ये फील्डचा क्रम बदलून देता येतो, तो बदलल्यावर चित्र स्वच्छ झाले. एका जुन्या भाषणाचा ध्वनी दोनऐवजी एकाच चॅनेलवर आला होता, तोही नीट केला. मोहावीवर फायनल कटने स्वतः केलेल्या रूपांतरात असा दोष आढळला नाही, त्यामुळे तो मार्ग मुख्य ठेवण्याचा निर्णय योग्य ठरला.

परिणाम

तपासलेली लायब्ररी कॅटॅलिनावर परत आणून दुसरा कट पुढे नेण्यात आला. ठरलेली तारीख थोडी पुढे गेली, पण संकलनाचा एकही बदल वाया गेला नाही. प्लगइनच्या निर्मात्याने नवी आवृत्ती सशुल्क दिली होती, ती गटाने घेतली. तिच्यात अक्षरांमधले अंतर किंचित वेगळे पडत असल्यामुळे सगळी शीर्षके पुन्हा नजरेखालून घालावी लागली. हा खर्च आणि हा वेळ कोणत्याच पर्यायात टळला नसता. मूळ फायली न पुसता रूपांतरित प्रतींबरोबर जपून ठेवल्या आहेत.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी बचत अपग्रेडच्या आदल्या दिवशी झाली असती. मोहावीच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘लेगसी सॉफ्टवेअर’ नावाची यादी असते, तिच्यात परवाना तपासणारे ते छोटे अॅप नक्की दिसले असते. फायनल कटची नवी आवृत्ती मोहावीवरच आधी घालून लायब्ररी उघडली असती तर न चालणाऱ्या फायलींची यादी आणि रूपांतराची सोय दोन्ही तिथेच मिळाली असती, वेगळी डिस्क करण्याची वेळच आली नसती. सॉफ्टवेअर आणि सिस्टिम हे दोन बदल एकाच रात्री करण्याऐवजी त्यांच्यात काही दिवसांचे अंतर ठेवले असते, तर कोणत्या बदलाने काय बिघडले हे ओळखणेही सोपे गेले असते.

हे फक्त मॅकपुरते नाही. प्रीमियर प्रोच्या नव्या आवृत्तीत जतन केलेला प्रकल्प जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि रिझॉल्व्हची प्रकल्पांची डेटाबेस एकदा अद्ययावत केली की जुनी आवृत्ती ती स्वीकारत नाही. विंडोज ११ वर गेल्यावर मागे फिरण्याची अंगभूत सोय साधारणपणे १० दिवसच उपलब्ध असते. अशा प्रत्येक ठिकाणी अद्ययावत करण्याआधी प्रकल्पाची किंवा डेटाबेसची एक प्रत बाजूला ठेवणे हे काही मिनिटांचे काम आहे, आणि ते सहायकाच्या नेहमीच्या कामांच्या यादीत लिहिलेले असावे.

एका मुद्द्यावर गटात अजूनही मतभेद आहेत. माहितीपटासारख्या लांबलचक कामात सिस्टिम गोठवून ठेवावी आणि काम संपेपर्यंत काहीही अद्ययावत करू नये, असे संकलकांचे मत झाले आहे. मला ते अर्धेच पटते. काम सुरू असताना सिस्टिम बदलू नये हे खरे, परंतु मुलाखती जुन्या कोडेकमध्ये असल्याचे या अपग्रेडमुळेच उघडकीस आले. संग्रहातील फुटेज प्रकल्पात घेतानाच त्याचे कोडेक तपासून प्रोरेसमध्ये आणले असते, तर सिस्टिम गोठवण्याची भीतीही उरली नसती. म्हणून माझी शिफारस फुटेज आत घेण्याच्या टप्प्यावरच ही तपासणी करण्याची आहे. गटाने पुढच्या प्रकल्पासाठी ती स्वीकारली आहे.

मोहावीची ती एसएसडी गटाने ठेवून दिली आहे, कारण संग्रहातले सगळे फुटेज अजून रूपांतरित झालेले नाही. मात्र २०२१ नंतर मोहावीसाठी सुरक्षेची अद्यतने येणे थांबले आहे. त्यामुळे तिच्यावरून संगणक सुरू करण्याआधी नेटवर्कची केबल काढायची, वायफाय बंद ठेवायचे आणि रूपांतर सोडून दुसरे कोणतेही काम तिच्यावर करायचे नाही, असा नियम त्या डिस्कवरच चिकटवलेला आहे.